प्रश्नावली भरून झाली, आता पुढे काय? रिकव्हरीची ध्येयं ठरवण्यासाठी नव्या समुपदेशकांना मार्गदर्शन

एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही पहिल्यांदा ओपीडीत, डे-केअरमध्ये किंवा एखाद्या संस्थेच्या गावपातळीवरच्या कामात उतरलात की पहिल्याच आठवड्यात हातात फॉर्मचा गठ्ठा पडतो. पीएचक्यू-९, जीएडी-७, डब्ल्यूएचओ-५, व्होडास. ते कसे भरायचे हे कुणीतरी अर्ध्या तासात सांगतं. भरून झाल्यावर त्यांचं करायचं काय, हे बहुतेक ठिकाणी कुणीच सांगत नाही. मग फॉर्म केस पेपरला टाचला जातो, बेरीज रजिस्टरमध्ये चढते आणि ‘उपचाराची उद्दिष्टे’ या रकान्यात सगळ्यांसाठी एकच ओळ पडते: ‘लक्षणे कमी करणे, कुटुंबाचे समुपदेशन.’

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. फॉर्मपासून रिकव्हरीच्या, म्हणजे आजार पूर्ण गेला नाही तरी आपल्या जगण्यात परत येण्याच्या, ध्येयापर्यंतचा रस्ता मला कामातच शिकावा लागला, तुम्हाला तो थोडा लवकर सापडावा म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की बेरीज डॉक्टरांच्या आणि रजिस्टरच्या कामाची असते. ध्येय सापडतं ते एकेका उत्तरात, आणि तेही तो फॉर्म भरणाऱ्याच्या हातात परत दिल्यावर.

लेखातली मंगलताई आणि ऋषिकेश ही उदाहरणं अनेक माणसांच्या अनुभवांतून जुळवलेली आहेत.

सोबत काय काय लागेल

- प्रश्नावलीची अधिकृत मराठी प्रत. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. पीएचक्यू-९ ची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे. स्वतः भाषांतर करत बसू नका. प्रश्नाचा एक शब्द हलला तरी आधीच्या गुणांशी तुलना करता येत नाही.
- संमतीचा कागद, साध्या मराठीत, एका पानाचा.
- चौकटींची वही किंवा आलेख कागद आणि दोन रंगांची पेनं.
- कालदर्शिका. ती का, ते आठव्या टप्प्यात येईल.
- जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांचा, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा आणि टेलिमानसचा नंबर. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.
- क्लायंटसाठी कोरी प्रत, घरी न्यायला.

१. कोणासाठी कोणती प्रश्नावली, ते आधी ठरवा

संस्थेत एकच फॉर्म सगळ्यांना देण्याची पद्धत असेल तर ती निदान स्वतःपुरती मोडा.

पीएचक्यू-९ नैराश्यासाठी आहे. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांविषयी. प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळपास रोज) गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र. जीएडी-७ चिंतेसाठी आहे, एकूण २१ गुण, टप्पे ५, १० आणि १५. गावात आशाताई तिशीवरच्या लोकांचा आरोग्याच्या प्राथमिक तपासणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात पीएचक्यूचेच पहिले दोन प्रश्न आहेत. त्यामुळे तुमच्याकडे आलेल्या माणसाला हे प्रश्न एकदा विचारून झालेले असू शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

डब्ल्यूएचओ-५ मला विशेष आवडते. पीएचक्यू काय बिघडलंय ते विचारते, तर ही काय शिल्लक आहे ते विचारते. मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात मनाला रुचणाऱ्या गोष्टी होत्या का. पाच प्रश्न, प्रत्येकी ० ते ५. बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी गुण मिळतात. पन्नास किंवा त्याहून कमी आले तर नीट चौकशी करा. ध्येयांच्या गप्पांना ही प्रश्नावली फार चांगली वाट करून देते.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुना, लांबलेला आजार असेल तर नुसत्या पीएचक्यूवर विसंबू नका. तिथे व्होडास २.० ची बारा प्रश्नांची आवृत्ती उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेची ही प्रश्नावली आजाराचं नाव विचारतच नाही. गेल्या तीस दिवसांत घरची कामं, अंघोळ, कपडे घालणं, अनोळखी माणसांशी बोलणं, मैत्री टिकवणं, गावातल्या कार्यक्रमात भाग घेणं यात किती अडचण आली, एवढंच ती विचारते. शेवटी तीन प्रश्न दिवसांच्या संख्येचे असतात: किती दिवस अडचण होती, किती दिवस काम अजिबात झालं नाही, किती दिवस कमी करावं लागलं. हे तीन प्रश्न बरेच जण घाईत सोडून देतात. तुम्ही सोडू नका. ‘महिन्यात अकरा दिवस दुकान उघडलं नाही’ हे वाक्य कुठल्याही बेरजेपेक्षा ध्येयाच्या जास्त जवळ असतं.

एका वेळी दोनपेक्षा जास्त प्रश्नावल्या देऊ नका. तिसरीपर्यंत माणूस एकाच रांगेत टिकमार्क करत सुटतो.

२. फॉर्म देण्याआधीची दहा मिनिटं

फॉर्म कोणासमोर भरला जातो यावर निम्मी उत्तरं ठरतात. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सून ‘स्वतःबद्दल वाईट वाटणं’ या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ म्हणणार. नवरा बाजूला असेल तर झोपेचं उत्तर तोच देणार. नातेवाइकांना नम्रपणे बाहेर बसवा. ‘काकू, तुमच्याशी मी नंतर वेगळं बोलते, तुमचंही मला ऐकायचंय,’ असं म्हटलं की सहसा कुणी अडत नाही. आणि मग खरंच त्यांच्याशी बोला.

वाचता येत असेल तर स्वतः भरू द्या. नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, पण प्रश्न जसा छापलाय तसाच वाचा, चारही पर्याय दर वेळी सांगा, आणि कोपऱ्यात ‘वाचून घेतला’ अशी नोंद करा. पुढच्या वेळी त्याच पद्धतीने घ्या. एकदा स्वतः भरलेला आणि एकदा वाचून घेतलेला फॉर्म शेजारी ठेवून तुलना केली तर फसाल.

‘जीव घाबरतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘अंगात त्राणच नाही’ अशी उत्तरं येतील. ती मोडून काढू नका, बाजूला त्याच शब्दांत लिहून घ्या. मग विचारा, ‘असं दोन आठवड्यांत किती दिवस झालं? काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळपास रोज?’ आकडा फॉर्ममध्ये जाईल. शब्द ध्येयाच्या वेळी लागतील.

सुरुवातीलाच सांगा की ही परीक्षा नाही, मला वाईट वाटू नये म्हणून चांगलं उत्तर द्यायची गरज नाही. आपली माणसं भिडस्त असतात. ‘ताई एवढं करतात आपल्यासाठी, त्यांना कसं सांगू फरक पडला नाही म्हणून?’ असा विचार करून गुण सुधारलेले मी खूप पाहिले आहेत.

३. बेरीज करण्याआधी नववा प्रश्न बघा

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. फॉर्म हातात आला की पहिली नजर तिथे. एकूण गुण चार असले तरी नवव्याला ‘काही दिवस’ असेल तर ध्येय-नियोजन त्या दिवशी थांबतं. आधी ते बोलणं.

थेट विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं याचा विचार केलाय का? त्यासाठी काही जवळ ठेवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. शेतकरी कुटुंब असेल तर कीटकनाशक घरात कुठे ठेवतात हे विचारायलाच हवं. ते कुलपात ठेवायला किंवा काही दिवस दुसऱ्याच्या घरी हलवायला सांगा.

बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरच्यांना सांगावं लागेल, ते शक्यतो त्याच्याच संमतीने आणि त्याच्याच समोर सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती आवश्यक माहिती देण्याची मुभाही तिथेच आहे. आधी प्रयत्न करून झालेला असेल तर लोक पोलिसांना घाबरून बोलत नाहीत. याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. हे त्यांना साध्या शब्दांत सांगा.

हे सगळं एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका. वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा आणि वेळ घालून नोंद करा.

४. बेरीज झाकून ठेवा आणि एकेक उत्तर वाचा

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळं काम इथेच होतं किंवा बिघडतं.

दोन फॉर्म घेऊ. दोघांचीही बेरीज १५.

मंगलताई, बेचाळीस वर्षांच्या, बचत गटात होत्या, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांचे गुण: कशात रस न वाटणं ३, उदास वाटणं २, झोप ३, थकवा ३, भूक १, स्वतःला अपयशी समजणं २, लक्ष न लागणं १, हालचाल संथ होणं ०, मरणाचे विचार ०.

ऋषिकेश, चोवीस वर्षांचा, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. त्याचे गुण: रस १, उदास ३, झोप १, थकवा १, भूक ०, अपयशी ३, लक्ष ३, हालचाल २, मरणाचे विचार १.

रजिस्टरमध्ये दोघंही ‘मध्यम ते तीव्र’. उद्दिष्टाच्या रकान्यात दोघांनाही तेच वाक्य. पण फॉर्म शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मंगलताईंचं ओझं शरीराकडे झुकलंय: झोप नाही, त्राण नाही, म्हणून कशात रस नाही. पहिली शंका थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि पाळी जाण्याच्या दिवसांची घ्यायला हवी. तपासण्या झाल्यात का, ते डॉक्टरांना विचारा. ऋषिकेशला झोप बऱ्यापैकी लागते, जेवणही जातं. त्याला पोखरतंय ते अपयश. आणि नवव्या प्रश्नाला एक गुण आहे, म्हणजे त्याच्याशी आधी तिसऱ्या टप्प्यातलं बोलणं करायचं, नंतर बाकीचं.

वाचायची माझी रीत अशी. ज्या प्रश्नांना ३ आहेत त्यांना एका रंगाने गोल करायचा. ज्यांना ० आहे त्यांना दुसऱ्या रंगाने. शून्यं विसरू नका. ऋषिकेशच्या भुकेचं शून्य म्हणजे दोन वेळच्या जेवणाची घडी अजून टिकून आहे. त्या घडीला धरून दिवसाचं बाकीचं वेळापत्रक बांधता येतं. मग गोल केलेल्या प्रश्नांमधला संबंध शोधायचा: कोणतं कशामुळे होतंय? हा संबंध तुम्ही मनात जुळवा, पण निष्कर्ष काढू नका. तो त्यांनी काढायचा आहे.

गोळ्यांचा परिणाम इथेच तपासा. नवी गोळी सुरू झाल्यावर सुस्ती, भूक वाढणं, हालचाल संथ होणं या प्रश्नांचे गुण चढू शकतात आणि फॉर्म आजार बळावल्याचं दाखवतो. गोळी कधी सुरू झाली, कधी बदलली, ती तारीख फॉर्मच्या डोक्यावर लिहा.

५. फॉर्म परत त्यांच्या हातात द्या

टेबलाच्या एकाच बाजूला बसा. फॉर्म दोघांना वाचता येईल असा मध्ये ठेवा आणि पेन त्यांच्याकडे द्या. गुण काय आले ते सांगा, पण ‘तुम्हाला मध्यम ते तीव्र नैराश्य आहे’ असं वाक्य टाकू नका. निदान डॉक्टर करतील. तुम्ही म्हणा, ‘तुम्ही इथे झोपेला जवळपास रोज लिहिलंय, थकव्यालाही रोज. भूक मात्र बरी आहे. हे बरोबर आहे का? काही बदलायचंय?’

मग एकच प्रश्न, सावकाश: ‘यातलं कोणतं एक थोडं हललं, तर तुमचा दिवस बदलेल?’

उत्तर यायला वेळ लागतो. गप्प बसा. नव्या माणसांना ही शांतता पेलवत नाही आणि ते स्वतःच सुचवू लागतात: ‘सकाळी फिरायला गेलात तर?’ सुचवलंत की ध्येय तुमचं झालं.

मंगलताई झोपेवर बोट ठेवतील असं कुणालाही वाटेल. त्यांनी ठेवलं ‘रस न वाटणं’ यावर, आणि म्हणाल्या, ‘गटाच्या बैठकीला जात नाही मी. हप्ता पोरीच्या हाती पाठवते. बायका काय म्हणत असतील.’ झोपेसाठी डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, तेही गरजेचंच होतं. पण त्यांना जगण्यात परत यायचं होतं ते बैठकीच्या दारातून. ऋषिकेशने लक्ष न लागण्यावर बोट ठेवलं, म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक करायला घेतलं, तेव्हा तो हळूच म्हणाला की पूर्व परीक्षा निघाली नाही हे बाबांना अजून सांगितलेलंच नाही. त्याचं पहिलं ध्येय तेच ठरलं: बाबांना खरं सांगणं.

६. ध्येय त्यांच्या शब्दांत लिहा आणि पाच पायऱ्या पाडा

‘आत्मविश्वास वाढवणे’ हे ध्येय नाही, ते मोजता येत नाही आणि कुणी तसं बोलतही नाही. ‘बैठकीला जाऊन शेवटपर्यंत बसायचं’ हे ध्येय आहे. ते झालं की नाही हे मंगलताईंच्या मुलीलाही सांगता येईल.

पायऱ्या पाडण्यासाठी १९६८ मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी मांडलेली पद्धत अजूनही सगळ्यात सोपी वाटते. उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या. शून्यावर अपेक्षित स्थिती, वर त्याहून चांगली, खाली त्याहून कमी. सध्याची स्थिती उणे एकवर ठेवा. काही जण ती उणे दोनवर ठेवतात, पण मग प्रकृती बिघडली तर नोंदवायला जागाच उरत नाही. मंगलताईंच्या कागदावर दोन महिन्यांसाठी असं लिहिलं होतं:

- उणे २: हप्ता पाठवणंही बंद.
- उणे १: हप्ता मुलीच्या हाती, स्वतः जात नाही. (आज इथे)
- ०: दोन्ही महिन्यांच्या बैठकीला गेले, शेवटपर्यंत बसले.
- अधिक १: हिशेबाची वही पुन्हा लिहायला घेतली.
- अधिक २: पापडाची एक ऑर्डर घेतली, कितीही छोटी असो.

वाक्यं त्यांची, अक्षर शक्य असेल तर त्यांचंच. मुदत घाला. एका वेळी एक ध्येय पुरे, फार तर दोन. पहिल्या आठवड्यात करायची गोष्ट इतकी लहान हवी की वाईट दिवशीही जमेल. त्यांनी ठरवलं होतं की गटातल्या एका मैत्रिणीला फोन करायचा, एवढंच.

तुम्ही डॉक्टर नाही म्हणून हे आपल्याला झेपेल का, असं वाटत असेल तर गोव्याचं उदाहरण बघा. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर सहा ते आठ भेटींचा उपचार करून घेतला. त्याचा गाभा हाच होता: मनाला उभारी देणाऱ्या कृती थोड्या-थोड्या करून दिवसात परत आणणं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि ते चांगले होते. त्या समुपदेशकांना सतत देखरेख मिळत होती, हेही लक्षात घ्या. तुमच्याकडे ती नसेल तर मागून घ्या.

७. घरच्यांची ध्येयं वेगळ्या रकान्यात

‘कामाला लागला पाहिजे.’ ‘लग्नाला उभं राहता आलं पाहिजे.’ ‘गोळ्या सुटल्या पाहिजेत.’ घरच्यांची तळमळ खरी असते आणि वर्षानुवर्षांच्या दमणुकीतून आलेली असते. ती लिहून घ्या, पण क्लायंटच्या ध्येयाच्या जागी नाही.

बऱ्याचदा दोन्हींत एक सामाईक धागा सापडतो. स्किझोफ्रेनियाचा जुना आजार असलेल्या एखाद्याचे वडील ‘नोकरी’ म्हणतात, आणि तो म्हणतो, ‘टपरीवर माझ्या चहाचे पैसे मला स्वतः द्यायचेत.’ सुरुवात चहाच्या पैशापासून करा. वडिलांना सांगा की नोकरीच्या रस्त्यावरचंच हे पाऊल आहे, आणि रोज वीस रुपये त्याच्या हातात देण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा.

गोळ्या सोडण्याचं ध्येय समोर आलं, कुणाचंही असो, तर ते डॉक्टरांपर्यंत न्या. तुम्ही हो-नाही करू नका.

८. पुन्हा कधी भरायचा आणि फरक कसा वाचायचा

पीएचक्यू आणि डब्ल्यूएचओ-५ दोन आठवड्यांविषयी विचारतात, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी. व्होडास तीस दिवसांविषयी, म्हणून महिन्याने किंवा त्याहून उशिरा. ध्येयाची पायरी मात्र प्रत्येक भेटीत विचारा.

पीएचक्यूमध्ये एक-दोन गुणांचा चढउतार म्हणजे काहीच नाही. पाच गुणांचा फरक पडला तर तो खरा समजायला हरकत नाही. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, पाचच्या खाली आले तर लक्षणं जवळपास गेली असं धरतात. डब्ल्यूएचओ-५ मध्ये शंभरपैकी दहा गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात.

आता कालदर्शिका. सुगीचे दिवस, दिवाळी, गणपती, मुलांच्या परीक्षा, वारीला गेलेले पंधरा दिवस, घरातलं वर्षश्राद्ध, आत्महत्या झालेल्या घरात त्या तारखेच्या आसपासचे दिवस. गुण वर-खाली झाले की आधी तारीख बघा. ऐन कापणीत थकव्याला तीन गुण येणार नाहीत तर काय! दर फेरीचे गुण आलेख कागदावर बिंदूने मांडा आणि बिंदूखाली दोन शब्द लिहून ठेवा, ‘कापणी’, ‘भावाचं लग्न’. सहा महिन्यांनी त्या दोन शब्दांवरून सगळं समजतं.

९. आकडा एकीकडे, ध्येय दुसरीकडे

हे होणारच, आणि तेव्हाच प्रश्नावलीचा खरा उपयोग होतो.

गुण उतरले पण पायरी हलली नाही: मंगलताईंची झोप सुधारली, १५ चे ८ झाले, तरी बैठकीला पाय निघेना. लक्षणं हलकी झालीत, पण अडथळा दुसरीकडे आहे हे यातून कळतं. विचारल्यावर समजलं की ‘कुठे होतीस इतके दिवस?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग एक भेट फक्त त्या उत्तराच्या तयारीत गेली. ‘तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं. पुढच्या बैठकीला दाराजवळ बसल्या, पण बसल्या.

पायरी चढली पण गुण वाढले: बऱ्याच दिवसांनी बाहेर पडलेला माणूस दमतो, लोकांचे प्रश्न झेलतो, काय-काय हुकलं ते त्याला दिसू लागतं. एखाद्या फेरीत उदासी वाढते. नववा प्रश्न तपासा, डॉक्टरांना कळवा, आणि ध्येय मागे घेण्याची घाई करू नका.

दोन्ही थांबलेत: सलग दोन फेऱ्यांमध्ये काहीच हललं नाही तर उपचाराचा आढावा घ्यायची वेळ आली. औषधाची मात्रा, शारीरिक तपासण्या, दारू, घरातली मारहाण, कर्ज. आणि हेही विचारा की ध्येय खरंच त्यांचं होतं का.

जुन्या आजारात काहींचे गुण वर्षानुवर्षं तिथेच राहतात. कानातले आवाज पूर्ण थांबत नाहीत, पण माणूस सकाळी दूध घेऊन येतो, भाच्याच्या मुंजीत वाढायला उभा राहतो. त्याला रिकव्हरी म्हणायचं. ते दिसतं ध्येयाच्या कागदावर, म्हणून तो कागद हवा.

१०. दाखल्याचा फॉर्म आणि ध्येयाचा फॉर्म एकत्र करू नका

मानसिक आजाराच्या अपंगत्वाचा दाखला आयडियाज या मोजपट्टीवर, ठरवून दिलेली वैद्यकीय यंत्रणा देते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अनेक सवलतींचा रस्ता खुला होतो. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ लिहिलं तर दाखला किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जातील, ही धास्ती घराघरांत असते. पहिल्याच भेटीत सांगा की तुमची प्रश्नावली त्या कामासाठी नाही, तिकडे जाणार नाही. आणि खरंच जाऊ देऊ नका. फाइल वेगळी ठेवा.

प्रकल्पाला निधी देणाऱ्यांना सरासरी हवी असेल तर नावं काढून द्या. सोडून गेलेल्यांची संख्याही त्यात द्या. जे येईनासे झाले तेच बऱ्याचदा सगळ्यात अडचणीत असतात.

११. कागद कुणाचा, आणि तुम्ही गेल्यावर काय

आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने त्या व्यक्तीला दिलेला आहे. ध्येयाच्या कागदाची प्रत मागायची वाट न बघता द्या. काही बायका ती घरी नेऊ शकत नाहीत, कुणाच्या हाती पडेल याची भीती असते. अशांची प्रत तुमच्याकडे पाकिटात ठेवा आणि दर भेटीत त्यांच्या हातात द्या.

आपल्याकडची बरीच पदं कंत्राटी आहेत. प्रकल्प संपतो, तुमची बदली होते, आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. जाण्याआधी प्रत्येक फाइलच्या सगळ्यात वर एक पान लावा: सध्याचं ध्येय त्यांच्या शब्दांत, आजची पायरी, शेवटचे दोन गुण तारखांसह, नवव्या प्रश्नाचं शेवटचं उत्तर, कुणाला फोन केलेला चालतो आणि कुणाला नाही. जमलं तर शेवटच्या भेटीत नव्या समुपदेशकाला सोबत बसवा, आणि ते पान क्लायंटलाच वाचून दाखवू द्या.